लायसन्सवर ‘विदाऊट गिअर’, पण गाडीत गिअरच गिअर!

तुमचं लायसन्स पाकिटातून काढा. स्कूटरवर टेस्ट दिली असेल तर त्यावर कुठेतरी ‘एमसीडब्ल्यूओजी’ ही अक्षरं सापडतील. मोटरसायकल विदाऊट गिअर. म्हणजे सरकारच्या लेखी तुमच्या ॲक्टिव्हाला, ॲक्सेसला, ज्युपिटरला गिअरच नाहीत. गंमत अशी की तिला गिअर नाहीत असं नाहीये, मोजता येणार नाहीत इतके आहेत. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जो लांबट बंद डबा दिसतो ना, त्याच्या आत दोन पुली आणि एक रबरी पट्टा असतो. हीच ती सीव्हीटी, कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन. त्यामुळे कारच्या शोरूममधला दादा ‘सर, सीव्हीटी व्हेरिएंट आहे’ म्हणत मॅन्युअलपेक्षा लाख-सव्वा लाख जास्त सांगेल तेव्हा दबकू नका. तुम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सीव्हीटीच चालवताय.

हा विषय माझ्या डोक्यात घुसला तो आईमुळे. आई गेली अठरा वर्षं मानेवाड्याहून धरमपेठेत स्कूटरने ऑफिसला जाते. मे महिन्यात तोंडाला स्कार्फ, हातात पांढरे मोजे, डोळ्यांवर गॉगल. घरी बाबांची कार आहे, पण मॅन्युअल. एकदा आई क्लास लावून कार शिकलीसुद्धा. मग एके संध्याकाळी मेडिकल चौकात सिग्नल सुटल्यावर गाडी तीनदा बंद पडली, मागच्या ऑटोवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही आणि आईने त्या दिवसानंतर कारची किल्ली हातात घेतली नाही. आता घरात ऑटोमॅटिक घ्यायचं चाललंय. मामा म्हणतो एएमटी घे, स्वस्त पडते. बाबा म्हणतात ऑटोमॅटिक पेट्रोल पिते. आणि ‘तू पत्रकार ना, मग काढ माहिती,’ असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला पगार आला की जुनी कार घ्यायची असं मनात धरून बसलेले आमच्या बॅचमध्ये किमान चार जण आहेत. त्यांच्यासाठीही हे लिहितेय.

दोन बशा आणि एक पट्टा

गिअरच्या सायकलवर चढ लागला की आपण चेन मागच्या मोठ्या चकतीवर घेतो. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढते. सपाट रस्त्याला छोटी चकती. मॅन्युअल कारचंही तेच, ठरावीक पाच किंवा सहा जोड्या आणि एकीवरून दुसरीवर जायला क्लच.

आता घरातल्या दोन बशा घ्या आणि तळाला तळ लावून उभ्या धरा. मध्ये व्ही आकाराची खाच तयार होते. ही झाली पुली. त्या खाचेत पट्टा बसवा. बशा एकमेकींच्या जवळ आणल्या की पट्टा कडेकडे, म्हणजे बाहेर सरकतो आणि मोठ्या वर्तुळात फिरतो. बशा लांब नेल्या की तो आत बुडतो, वर्तुळ लहान होतं. अशा दोन पुली असतात, एक इंजिनाकडे, दुसरी चाकाकडे. एकीचं वर्तुळ वाढलं की दुसरीचं कमी होतं. गाडी सुटताना इंजिनाकडचं वर्तुळ लहान आणि चाकाकडचं मोठं, म्हणजे पहिला गिअर समजा. वेग वाढत गेला की हळूहळू उलटं. मध्ये पायऱ्या नाहीत, नुसता उतार. म्हणून झटका नाही.

स्कूटरमध्ये बशा सरकवण्याचं काम छोटे जड रोलर करतात. इंजिन जोरात फिरलं की हे रोलर बाहेर फेकले जातात आणि पुढच्या पुलीला दाबतात. मागे स्प्रिंग असते, ती उलट ओढते. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. इतकं साधं यंत्र रोज तुम्हाला लॉ कॉलेज चौकातून बर्डीपर्यंत नेतं आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. (बघा जरा. तो रबरी पट्टा झिजतो. साधारण वीस-चोवीस हजार किलोमीटरला बदलायचा असतो, नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो. ते पुस्तक डिक्कीतच असेल, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं.)

ही कल्पना कारमध्ये गंभीरपणे आणली ती नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने. १९५८ मध्ये त्यांची ‘डाफ ६००’ आली, त्यातल्या यंत्रणेचं नाव व्हेरिओमॅटिक. पट्टे रबराचेच. गंमत म्हणजे या गाड्या पुढे जेवढ्या वेगाने जायच्या तेवढ्याच वेगाने मागेही जायच्या, आणि डच लोकांनी त्यांच्या चक्क रिव्हर्सच्या शर्यती लावल्या. आपल्याकडे हे तंत्र कारच्या आधी स्कूटरमधून घरोघरी आलं. पुण्याच्या कायनेटिकने १९८४ मध्ये होंडाशी हात मिळवला आणि कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, आणि गिअर बदलायची भानगड नाही. त्या आधीच्या चेतकवाल्यांना विचारा, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही सांभाळत, किक मारत ते कसे जायचे. होंडा पुढे वेगळी झाली आणि २००१ मध्ये तिने ॲक्टिव्हा आणली. त्यानंतर नागपुरात काय झालं ते तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसतंच.

कारच्या ताकदीला रबरी पट्टा पुरेना. मग त्याच डच मंडळींनी पोलादी पट्टा काढला. शेकडो छोट्या पोलादी पट्ट्या पातळ कड्यांवर ओवलेल्या, पोरांच्या मण्यांच्या माळेसारख्या. हा पट्टा ओढत नाही, तर ढकलतो. आणि त्याला पुलीत घट्ट धरून ठेवायला आत तेलाचा प्रचंड दाब असतो. हे तेल लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

काहून ओरडून राहिली?

आम्ही एका रविवारी टेस्ट ड्राइव्हला गेलो. आई चालवायला, बाबा बाजूला, मी मागे. पहिल्या दहा मिनिटांत आईचा चेहरा बदलला. सिग्नलला ब्रेक, सिग्नल सुटला की ब्रेक सोडायचा, गाडी आपोआप पुढे सरकते. धक्का नाही, बंद पडणं नाही. ‘अगं, ही तर आपली स्कूटरच आहे, फक्त एसीवाली,’ आई म्हणाली. माझ्या मते सीव्हीटीचं याहून चांगलं वर्णन कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही.

मग रिंग रोडला लागल्यावर एका ट्रकला मागे टाकायला तिने पाय पूर्ण दाबला. इंजिन एकदम किंचाळलं, सुई साडेपाच हजारांवर जाऊन तिथेच खिळली आणि गाडी मात्र आपल्या गतीने, निवांत वेग घेत राहिली. ‘काहून ओरडून राहिली ही? पळून तर नाही राहिली!’

याला ‘रबर बँड इफेक्ट’ म्हणतात. मॅन्युअलमध्ये आवाज आणि वेग हातात हात घालून वाढतात, आपल्या कानाला तीच सवय. सीव्हीटी आधी इंजिनाला जास्त ताकदीच्या फेऱ्यांवर नेऊन ठेवते आणि मग पुलीचं गुणोत्तर बदलत वेग वाढवते. गणिताने बघितलं तर हे शहाणपणाचंच आहे. इंजिन पूर्ण वेळ आपल्या सगळ्यात ताकदवान जागी बसलेलं असतं. एवढं शहाणपणाचं की विल्यम्स संघाने १९९३ मध्ये फॉर्म्युला वन कारवर सीव्हीटीची चाचणी घेतली, डेव्हिड कूलथार्डने ती चालवली, आणि पुढच्या मोसमाच्या नियमांनी ती शर्यतीत उतरण्याआधीच बंद करून टाकली. म्हणजे सीव्हीटी मुळात मंद असते हे खरं नाही. पण फॉर्म्युला वनचं इंजिन वेगळं आणि आपलं १,२०० सीसीचं, चार माणसं आणि एसी ओढणारं वेगळं. आपल्या गाडीत आवाज मोठा आणि फळ छोटं असं वाटतं, आणि पाय दाबल्यापासून गाडीने खरी ओढ घेईपर्यंत मध्ये एक पोकळ क्षण जातो.

हा क्षण शहरात कळतही नाही. दुपदरी रस्त्यावर कळतो. समोर कापसाने फुगलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, पलीकडून येणारी एसटी, आणि तुम्ही ‘निघेल’ म्हणून बाहेर काढलेली गाडी. इथे सीव्हीटी चालवणाऱ्याने मॅन्युअलच्या सवयीने अंदाज बांधू नये. आधी पाय दाबून इंजिन जागं करायचं, ओढ लागली की मगच बाहेर पडायचं. स्पोर्ट मोड असेल तर तो अशा वेळेसाठीच असतो. काही कंपन्यांनी लोकांच्या कानांचं समाधान व्हावं म्हणून सीव्हीटीत नकली पायऱ्या बसवल्यात. होंडा सिटीत स्टीअरिंगमागच्या पॅडलने ‘सात गिअर’ बदलता येतात. आत गिअर एकही नाही, कॉम्प्युटर पुलीला सात ठिकाणी थांबवतो, इतकंच. मला हा प्रकार बिनसाखरेच्या चहात साखरेचा वास टाकल्यासारखा वाटतो, पण घाटात उतरताना इंजिनाचा ब्रेक मिळावा म्हणून तो उपयोगी पडतो, हे मान्य.

बाबांचं पेट्रोल आणि मामाची एएमटी

बाबांचा मुद्दा जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांपुरता खरा होता. सीव्हीटीच्या बाबतीत उत्तर गाडीगणिक बदलतं. पाचव्या पिढीच्या होंडा सिटी पेट्रोलचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे १७.८ किलोमीटर आणि सीव्हीटीला १८.४. म्हणजे चक्क सीव्हीटी पुढे! उलट निसान मॅग्नाइट टर्बो आली तेव्हा मॅन्युअलला २० आणि सीव्हीटीला १७.७. तेच तंत्र, दोन गाड्या, दोन निकाल. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक पिते’ किंवा ‘सीव्हीटी वाचवते’ यातलं कुठलंच वाक्य ब्रोशर उघडल्याशिवाय खरं धरू नका. आणि हे आकडे प्रयोगशाळेतले. बर्डीच्या गर्दीत एसी लावून सगळेच खाली येतात.

समृद्धी महामार्गावर मात्र सीव्हीटी खुलते. एका वेगावर धरली की ती इंजिनाला अगदी कमी फेऱ्यांवर झोपवते. शिर्डीपर्यंत तास न् तास हात आणि पाय रिकामे. झोप येईल इतके रिकामे, तेव्हा सांभाळून.

आता मामाची एएमटी. ती म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने ती आपल्याकडे आणली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक लोकांना मिळाली. फरक साधारण पन्नास हजारांचा. बिघडली तरी आतला गिअरबॉक्स नेहमीचाच. पण प्रत्येक गिअरला मान हलते, नवीन जावयासारखी गाडी थांबत थांबत पुढे जाते, आणि चढावर थांबवली की हिल असिस्ट नसेल तर मागे घरंगळते.

बाजाराने कुणाला निवडलं हे बलेनोच्या गोष्टीत दिसतं. २०१५ मध्ये आलेल्या बलेनोत सीव्हीटी होती, आणि चालवणारे तिचं कौतुकही करायचे. २०२२ मध्ये नवी बलेनो आली तेव्हा मारुतीने सीव्हीटी काढून एएमटी बसवली. गुळगुळीतपणा गेला, किंमत उतरली. आपल्याकडे गाडी ठरते ती ऑन रोड किमतीच्या शेवटच्या ओळीवर, गिअर बदलताना मान हलते की नाही त्यावर नाही. तरी सिटी, अमेझ, मॅग्नाइट, कायगर, क्रेटा, सेल्टॉस यांत सीव्हीटी मिळते, नावं वेगळी असतात एवढंच. निसानची एक्स-ट्रॉनिक, ह्युंदाई-कियाची आयव्हीटी. एका नावाने मात्र फसू नका. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांवर ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असतं, त्यात बशा आणि पट्टा यातलं काहीच नसतं. तिथे दातेरी चक्रं आणि विजेच्या मोटारी मिळून तेच काम करतात, आणि पट्ट्याबद्दल मी पुढे जे रडगाणं गाणार आहे ते तिला लागू नाही.

खर्च कुठे लपलाय

आता ते तेल. सीव्हीटीत पोलादी पट्टा पोलादी पुलीवर घसरू नये, तरी झिजूही नये, हे दोन्ही एकाच तेलाने सांभाळायचं असतं. म्हणून प्रत्येक कंपनीचं तेल वेगळं, आणि दुसऱ्या ऑटोमॅटिकचं तेल भरलं तर पट्टा घसरू लागतो. एकदा घसरला की पुलीवर ओरखडे, ओरखड्यातून पोलादाचा चुरा, तो चुरा तेलात. बऱ्याचदा गॅरेजवाला आतला एक भाग बदलून देत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं, आणि बिल लाखाच्या घरात जातं. एएमटीत काही बिघडलं तर इतकं दुखत नाही.

नागपूरकरांनी इथे उन्हाचा विचार करायलाच हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. सीव्हीटीला खरी अडचण होते ती जास्त वजन, लांब चढ आणि उकाडा एकत्र आले की. पाच माणसं, छतावर सामान, चिखलदऱ्याचा घाट आणि दुपारचे दोन. तेल तापलं की बऱ्याच गाड्या स्वतःला वाचवायला ताकद कमी करून टाकतात. चालवणाऱ्याला वाटतं गाडी मेली. ती दमलेली असते. सावलीत उभी करा, पार्किंगमध्ये टाकून इंजिन थोडा वेळ चालू राहू द्या आणि धीर धरा. शहरातल्या उन्हात, एकट्या माणसाला ऑफिसला नेताना असं सहसा होत नाही. म्हणजे आईच्या मानेवाडा-धरमपेठला नाही. काकांच्या दर वर्षीच्या घाटातल्या सहलीला होऊ शकतं.

याच कारणासाठी अमेरिकेत निसानला २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांवरची वॉरंटी वाढवून दहा वर्षं किंवा १,२०,००० मैल करावी लागली होती. ती तक्रारींची पिढी जुनी आहे, आजच्या सीव्हीटी सुधारल्यात. पण जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनी ही गोष्ट विसरू नये, कारण सेकंड हँड बाजारात वॉरंटी संपलेलीच गाडी स्वस्त मिळते. चार-पाच लाखांत चकचकीत सीव्हीटी सिटी मिळतेय म्हणून उडी मारायच्या आधी सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एकच ओळ शोधा, गिअरबॉक्सचं तेल कधी आणि कुठे बदललं. ‘याला लाइफटाइम तेल असतं’ असं विकणारा म्हणाला तर त्याला विचारा, कोणाच्या लाइफचं? मग अर्धा तास गाडी गरम होईपर्यंत चालवा. सिग्नलवरून हळू सुटताना, वीस-तीसच्या वेगात थरथर जाणवली किंवा वेगाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, तर नमस्कार करून परत या.

अजून एक. बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून ओढत नेणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. सीव्हीटीला हे चालत नाही. इंजिन बंद असताना आत तेलाचा दाब नसतो, आणि चाकं फिरली की सगळं कोरडं घासलं जातं. पुढची चाकं उचलून किंवा सरळ फ्लॅटबेड गाडीवर टाकूनच न्या. बॅटरी उतरली तर धक्का मारूनही सुरू होणार नाही. चार मित्र बोलावून उपयोग नाही, जंपर केबल ठेवा. आणि पुढे-मागे करताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी वरून आर टाकू नका. छोट्या गल्लीत गाडी वळवताना घाईत हीच चूक होते.

कुणी म्हणेल, इतकी कटकट कशाला, इलेक्ट्रिक घ्या. त्यातल्या बहुतेकांना एकच गिअर पुरतो, पट्टा-पुली काही नको. खरंय. पण आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला प्लगच नाही, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय दीड वर्षं चहानंतर घ्यायचा राहून जातोय.

आमच्या घरात अजून बुकिंग झालेलं नाही. आईचं मत ठरलंय, सीव्हीटीच. बाबा वॉरंटी वाढवून घ्यायचे पैसे मोजतायत, आणि मला वाटतं ते बरोबर करतायत. त्याआधी आम्ही परत एकदा टेस्ट ड्राइव्हला जाणार आहोत. तुम्ही जाणार असाल तर सकाळी साडेदहाला जाऊ नका, दुपारी दोनला जा. एसी फुल ठेवा, घरातली चारही माणसं बसवा, वर्धा रोडचा उड्डाणपूल चढा आणि चढावर पाय दाबून बघा. शोरूमवाले एकट्यालाच घेऊन सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. आईने या वेळी आजीलाही तयार करून ठेवलंय.